विश्लेषण : एरिक क्लॅप्टनची गिटार आवडते, पण ‘त्या’ भाषणाचे काय?

मोबाइलवर एखादे जुने रॉक गाणे ऐकले की संगीताचे अ‍ॅप त्याच काळातले पुढचे गाणे आपोआप लावते. या वाटेने अनेक तरुण श्रोते ‘लैला’ किंवा ‘टिअर्स इन हेवन’पर्यंत पोहोचतात. गिटार मनात घर करते, वादकाचे नाव शोधले जाते आणि एरिक क्लॅप्टन या नावापाठोपाठ १९७६ मधील एका मैफलीचा उल्लेख समोर येतो. त्या मैफलीत क्लॅप्टनने स्थलांतरितांना ब्रिटनबाहेर काढण्याची भाषा केली होती. या स्थलांतरितांत भारतीय उपखंडातून तिथे गेलेले लोकही होते. मग हे संगीत ऐकावे का आणि ऐकायचे तर कसे?

क्लॅप्टनचे स्थान एवढे मोठे का?

३० मार्च १९४५ रोजी इंग्लंडमधील रिपली या गावी क्लॅप्टनचा जन्म झाला. आई तेव्हा अवघी १६ वर्षांची होती. आजी-आजोबांनी त्याला वाढवले आणि आई ही आपली थोरली बहीण आहे, असेच त्याला बालपणी बराच काळ वाटत होते. १९६३ मध्ये तो ‘यार्डबर्ड्स’ या बँडमध्ये दाखल झाला. दोन वर्षांनी त्याने जॉन मेयॉलच्या ‘ब्लूजब्रेकर्स’ची वाट धरली. याच सुमारास लंडनमधील एका भिंतीवर कुणी तरी ‘क्लॅप्टन देव आहे’ असे रंगवून ठेवले. १९६६ मध्ये जॅक ब्रूस आणि जिंजर बेकर यांच्यासह त्याने ‘क्रीम’ हा बँड स्थापन केला. १९७० मध्ये ‘डेरेक अँड द डोमिनोज’चा ‘लैला’ हा अल्बम आला. या शीर्षकाचे मूळ निजामी या फारसी कवीच्या लैला-मजनूच्या कथेत आहे. मित्र जॉर्ज हॅरिसनची पत्नी पॅटी बॉइड हिच्या प्रेमात पडलेल्या क्लॅप्टनला त्या कथेत स्वतःची अवस्था दिसली होती. अमेरिकेतील ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये यार्डबर्ड्स, क्रीम आणि एकल कलावंत असे तीन वेळा स्थान मिळालेला तो एकमेव संगीतकार आहे.

५ ऑगस्ट १९७६ रोजी काय घडले?

त्या रात्री बर्मिंगहॅमच्या ओडियन सभागृहात क्लॅप्टनची मैफल होती. तो दारूच्या नशेत होता. गाण्यांच्या मध्ये त्याने इनॉक पॉवेल या राजकारण्याला मत देण्याचे आवाहन केले. ब्रिटनची वसाहत होऊ देऊ नका, परक्यांना बाहेर काढा, देश गोऱ्यांचाच ठेवा, अशा आशयाची वक्तव्ये त्याने केली. कृष्णवर्णीय आणि आशियाई लोकांसाठी वापरले जाणारे हिणकस शब्दही त्याच्या तोंडी होते. श्रोत्यांच्या सांगण्यावरून आणि संगीतविषयक साप्ताहिकांतील मजकुरातून ही हकिकत पुढे आली. शब्दांबाबत थोडेफार फरक असले, तरी वक्तव्याचा आशय क्लॅप्टनने कधी नाकारलेला नाही.

या घटनेला आणखी एक पार्श्वभूमी आहे. त्याआधी पाचच वर्षे, १ ऑगस्ट १९७१ रोजी, पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशातील निर्वासितांसाठी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मैफली केल्या होत्या. हेरॉइनच्या व्यसनाने खंगलेला क्लॅप्टन तेव्हा गिटार घेऊन त्या व्यासपीठावर उभा राहिला होता. उपखंडातील निर्वासितांसाठी वाजवणाऱ्या वादकाने उपखंडातील स्थलांतरितांना निघून जायला सांगावे, हा विरोधाभास अनेकांना आजही उलगडत नाही.

पॉवेल यांचे नाव एवढे स्फोटक का होते?

इनॉक पॉवेल हे हुजूर पक्षाचे नेते होते. दुसऱ्या महायुद्धात ते लष्करी सेवेनिमित्त भारतात होते, उर्दू शिकले होते आणि व्हाइसरॉय होण्याचे स्वप्न बाळगून होते. २० एप्रिल १९६८ रोजी त्यांनी बर्मिंगहॅममध्येच स्थलांतराविरोधात भडक भाषण केले आणि पक्षनेते एडवर्ड हीथ यांनी त्यांना नेतृत्वाच्या फळीतून काढून टाकले. मात्र ‘पॉवेल यांचे बरोबरच होते’ असे म्हणणारा वर्ग तयार झाला होता. १९७६ च्या उन्हाळ्यात ‘नॅशनल फ्रंट’ ही अतिउजवी संघटना जोरात होती. त्याच वर्षी जूनमध्ये लंडनच्या साउथॉल भागात एका १८ वर्षांच्या शीख तरुणाची हत्या झाली आणि तिथले आशियाई तरुण रस्त्यावर उतरले. हजारो चाहत्यांसमोर उच्चारलेले शब्द अशा वातावरणात सभागृहापुरते राहत नाहीत. त्यामुळे ‘दारूच्या नशेतली बडबड’ एवढ्यावर हा विषय मिटला नाही.

संगीतविश्वाने काय उत्तर दिले?

छायाचित्रकार रेड साँडर्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ‘एनएमई’, ‘मेलडी मेकर’ आणि ‘साउंड्स’ या संगीत साप्ताहिकांना एक खरमरीत पत्र लिहिले. क्लॅप्टनचे निम्मे संगीत कृष्णवर्णीयांचे आहे, याची त्यांनी त्याला आठवण करून दिली. वर्णद्वेषाविरोधात चळवळ उभारण्यासाठी पुढे या, असे आवाहनही केले. त्याला शेकडो लोकांनी प्रतिसाद दिला आणि ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही चळवळ उभी राहिली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पूर्व लंडनमधील एका पबमध्ये तिची पहिली मैफल झाली. ३० एप्रिल १९७८ रोजी ट्रफाल्गर चौकातून निघालेला मोर्चा व्हिक्टोरिया पार्कमध्ये पोहोचला, तेव्हा ‘द क्लॅश’, ‘स्टील पल्स’ आणि टॉम रॉबिन्सन यांना ऐकायला ८० हजारांहून अधिक लोक जमल्याचा अंदाज होता. गोऱ्या पंक वादकांनी आणि कृष्णवर्णीय रेगे वादकांनी एका व्यासपीठावर येणे हे या चळवळीचे वैशिष्ट्य ठरले.

क्लॅप्टनने माफी मागितली का?

मागितली, पण ती एकदाच आणि स्वच्छ अशी नव्हती. घटनेनंतर त्याने ‘साउंड्स’ला हस्ताक्षरात पत्र पाठवून दिलगिरी व्यक्त केली. मात्र आपण प्यायलो होतो आणि एका परदेशी माणसाने पत्नीशी लगट केली होती, असे थट्टेच्या सुरातले कारण पुढे केले. त्यानंतर अनेक वर्षे त्याने वर्णद्वेषाचा आरोप नाकारला, पण पॉवेल यांच्याबद्दलचे मत पुरते सोडले नाही. २००४ मधील एका मुलाखतीतही त्याने त्यांना धाडसी म्हटले होते. ‘लाइफ इन ट्वेल्व्ह बार्स’ या माहितीपटाच्या निमित्ताने, २०१८ मध्ये, त्याने त्या काळातील स्वतःची आपल्याला लाज वाटते, असे सांगितले. कृष्णवर्णीयांच्या संगीतावर आयुष्य उभारलेल्या माणसाने असे बोलण्याला काही अर्थ नव्हता, हेही मान्य केले.

दारूच्या काळात पॅटी बॉइडशी (१९७९ मध्ये तिने क्लॅप्टनशी लग्न केले) आपण फार वाईट वागलो, याची कबुलीही त्याने दिली आहे. १९८०च्या दशकात उपचार घेऊन तो व्यसनातून बाहेर पडला. १९९८ मध्ये त्याने कॅरिबियन समुद्रातील अँटिगा बेटावर ‘क्रॉसरोड्स’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले आणि त्यासाठी स्वतःच्या गिटारी लिलावात काढल्या. हे काम खरे आहे. पण व्यसनमुक्तीचे काम आणि स्थलांतरितांचा अपमान ही दोन वेगळी खाती आहेत. एका खात्यातली जमा दुसऱ्यात वळती करता येत नाही.

‘कला वेगळी, कलावंत वेगळा’ हे सूत्र का अपुरे पडते?

एखाद्या चित्रकाराने कर चुकवला, तर त्याची चित्रे त्या गुन्ह्यापासून वेगळी काढून पाहता येतात. क्लॅप्टनच्या बाबतीत तसे करणे अवघड आहे, कारण इथे डाग संगीताच्या बाहेर नाही. ब्लूज हे अमेरिकेच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीयांचे संगीत. गुलामगिरीनंतरचे दारिद्र्य, शेतमजुरी आणि रोजचा अपमान यांतून ते घडले. क्लॅप्टनच्या वादनाची प्रत्येक लकब त्यातून आली आहे. त्यामुळे नुसते सूर ऐकायचे म्हटले, तरी ते सूर कुणाचे हा प्रश्न उरतोच.

दुसऱ्या बाजूने पाहिले, तर ब्लूज वादकांचे ऋण त्याने लपवलेले नाही. १९६६ मध्ये क्रीमने स्किप जेम्स या ब्लूज गायकाचे गाणे रेकॉर्ड केले, तेव्हा रचनाकाराचे श्रेय त्याला दिले. त्या मानधनाचा जेम्सला अखेरच्या आजारपणात उपयोग झाला. मडी वॉटर्सने १९७९ मध्ये क्लॅप्टनच्या दौऱ्यात वाजवले. बी. बी. किंगने २००० मध्ये त्याच्यासोबत ‘रायडिंग विथ द किंग’ हा अल्बम केला. मात्र यातून बर्मिंगहॅमचा हिशेब चुकता होत नाही. तिथे अपमान झाला तो ब्रिटनमध्ये राहणाऱ्या स्थलांतरितांचा. त्यांच्या वतीने माफ करण्याचा अधिकार अमेरिकेतील ब्लूज वादकांकडे नव्हता.

मग सुरुवात कुठून करावी?

क्लॅप्टनचे गाणे एकटे न ऐकता त्याच्या मुळाशी जोडी लावून ऐकणे, हा एक मार्ग आहे. रॉबर्ट जॉन्सनने १९३६ मध्ये टेक्सासमध्ये रेकॉर्ड केलेले ‘क्रॉस रोड ब्लूज’ आधी ऐकावे. तिथे एक माणूस, एक गिटार आणि जीव कासावीस करणारा आवाज आहे. मग क्रीमचे १९६८ मधील ‘क्रॉसरोड्स’ लावावे. तीच रचना विजेच्या गिटारवर, दुप्पट जोशात कशी धावते, हे लगेच कळते. क्लॅप्टनने काय घेतले आणि स्वतःचे काय घातले, याचे उत्तर या दोन गाण्यांत मिळते.

दुसरी जोडी ‘हाइडअवे’ची. फ्रेडी किंगची मूळ धून ऐकून १९६६ च्या ‘ब्लूज ब्रेकर्स विथ एरिक क्लॅप्टन’ या अल्बममधील त्याचे वादन ऐकावे. गिब्सन लेस पॉल गिटार आणि मोठ्या आवाजात लावलेला मार्शल अ‍ॅम्प्लिफायर यांतून आलेला जाड, भरीव स्वर पुढे रॉक गिटारची ओळख बनला.

तिसरी जोडी सर्वाधिक बोलकी आहे. ‘आय शॉट द शेरीफ’ हे बॉब मार्लीचे गाणे वेलर्सच्या १९७३ मधील ‘बर्निन’ या अल्बममध्ये आहे. पुढच्याच वर्षी क्लॅप्टनने ते गायले आणि अमेरिकेच्या यादीत ते पहिल्या क्रमांकावर गेले. त्यातून मार्लीचे नाव नव्या श्रोत्यांपर्यंत पोहोचले. जमैकाच्या माणसाचे गाणे गाऊन शिखर गाठल्यावर दोनच वर्षांनी बर्मिंगहॅमची ती रात्र आली.

त्यानंतर १९९२ च्या ‘अनप्लग्ड’कडे वळावे. चार वर्षांचा मुलगा कॉनर मार्च १९९१ मध्ये न्यूयॉर्कमधील इमारतीच्या ५३ व्या मजल्यावरून पडून गेला. ‘टिअर्स इन हेवन’ त्या दुःखातून आले. १९९३ च्या ग्रॅमी सोहळ्यात हा अल्बम आणि हे गाणे मिळून क्लॅप्टनला सहा पुरस्कार मिळाले. याच अल्बममध्ये रॉबर्ट जॉन्सनची ‘माल्टेड मिल्क’ही आहे. शेवटी ‘स्टील पल्स’चा १९७८ मधील ‘हँड्सवर्थ रिव्होल्यूशन’ जरूर ऐकावा. हा बँड त्याच बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थ वस्तीतील स्थलांतरितांच्या मुलांचा. ज्यांना निघून जायला सांगितले गेले, त्यांचा आवाज त्यात आहे.

ऐकले म्हणजे माफ केले का?

तसे नाही. गाणे आवडणे आणि माणसाला निर्दोष ठरवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या शब्दांची झळ स्वतःला किंवा घरच्यांना बसली म्हणून कुणी क्लॅप्टन कायमचा बंद केला, तर ती भूमिकाही तितकीच रास्त आहे. अडचण होते ती चाहत्यांनी तो प्रसंग ‘जुनी गोष्ट’ म्हणून झटकून टाकल्यावर. कारण त्याबरोबर त्या रात्री अपमानित झालेले लोक आणि त्यांच्या बाजूने उभी राहिलेली चळवळही विस्मरणात जाते.

१९७६ मध्ये साप्ताहिकांना पत्र लिहिणाऱ्यांनी यातले काहीच झटकले नव्हते. क्लॅप्टन चांगला वादक आहे, हे त्यांनी त्या पत्रातच कबूल केले होते. आणि लगेच विचारले होते, ब्लूज नसते तर तू कुठे असतास?