नाकातून दूध येणारं पिल्लू

पावसाळा सरला की गावकुत्र्या व्यायला लागतात, आणि मेळघाटातल्या धारणी, हरिसाल, सेमाडोहकडे हे नेमके कडाक्याच्या थंडीचे दिवस असतात. पाच-सात पिल्लांतलं एखादं दूध ओढताना ठसकतं, त्याच्या नाकपुडीतून दुधाचे बुडबुडे येतात आणि भावंडं गुबगुबीत होत असताना ते सुकत जातं. घरचे म्हणतात, सर्दी झाली. त्याचं तोंड उघडून पाहायचं मात्र कुणाच्या मनात येत नाही. करंगळीनं खालचा जबडा हळूच खाली ओढून उजेडात पाहिलं, तर वरच्या टाळूच्या मधोमध लांबट फट दिसते. कधी ती पार मागच्या मऊ भागापर्यंत गेलेली असते. ओठ धड आहे म्हणजे टाळूही धड असणार, असं धरून चालू नये. माणसाच्या लेकरांसाठी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्यात फाटलेला ओठ आणि टाळू तपासली जाते. पिल्लांचं तोंड आपणच पाहायचं, आणि तेही ती जन्मली त्याच दिवशी.

ओठ किंवा टाळू फाटलेली दिसली की ग्रहणाकडे बोट दाखवायची आपल्याकडे जुनी सवय आहे. पोटुशी बाईनं ग्रहणात काही चिरलं-कापलं म्हणून तिला दोष देतात, तोच तर्क जनावरालाही लावतात. खरं काय होतं ते साधं आहे. कुत्रीचा गाभणकाळ साधारण ६३ दिवसांचा. चौथ्या आठवड्यात पिल्लाच्या टाळूचे दोन्हीकडचे पडदे मध्यावर येऊन सांधले जातात, आणि तो सांधा जमला नाही की फट राहते. कधी ते आनुवंशिक असतं. बुलडॉग, बोस्टन टेरियर, पेकिनीज अशा चपट्या तोंडाच्या जातींत जास्त दिसतं. कधी गाभणपणी दिलेलं औषध कारण ठरतं: स्टेरॉइड, किंवा नायट्यावरची ग्रिसिओफुल्विनची गोळी. ‘अ’ जीवनसत्त्वाचा अतिरेक आणि फॉलिक आम्लाची कमतरताही नडते. ग्रहणाला दोष दिल्यानं होणारं खरं नुकसान हेच, की गाभण कुत्रीला कोणती गोळी चारली होती हे कुणी विचारत नाही.

सगळ्यात घातक समज म्हणजे ‘आईला ओढता येत नाही ना, मग आपण पाजू’. फटीमुळे तोंडात ओढ तयार होत नाही हे खरं. पण पिल्लू त्या फटीनं मरत नाही. ते भुकेनं मरतं, नाहीतर दूध फुप्फुसात गेल्यानं न्यूमोनिया होऊन मरतं. म्हणून ड्रॉपर, कापसाचा बोळा, बोंडलं, बाटली हे मायेपोटी केलेले उपायच जीव घेतात. ‘ठसकलं नाही, म्हणजे नीट गेलं’ हेही खरं नाही. पहिल्या दहाएक दिवसांत पिल्लाला धड ठसकताच येत नाही, दूध श्वासनलिकेत गेलं तरी ते गप्प राहू शकतं.

दूध थेट जठरात पोचवायचं तर नळी लागते. औषधाच्या दुकानात तान्ह्या बाळांची फीडिंग ट्यूब मिळते. पिल्लाच्या नाकाच्या टोकापासून शेवटच्या बरगडीपर्यंतचं अंतर मोजून त्याच्या पाऊण भागावर नळीला चिकटपट्टीची खूण करायची. पिल्लू पोटावर ठेवायचं, उताणं कधीच नाही. नळी ओली करून जिभेवरून सरकवत न्यायची, नाहीतर ती फटीतून नाकात शिरते. खुणेपर्यंत गेली नाही, मध्येच अडली, तर काढून पुन्हा घालायची. दूध कोमट असावं आणि सावकाश सोडावं. सुरुवातीला एका वेळी दर १०० ग्रॅम वजनामागे सुमारे ४ मिलिलिटर, पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. नळी काढताना चिमटीत दाबून काढायची, म्हणजे शेवटचा थेंब श्वासनलिकेत पडत नाही. हे वाचून करायचं काम नव्हे. पहिल्यांदा पशुवैद्यकासमोर हात बसवून घ्यावा. पिल्लू गार पडलं असेल तर आधी ऊब द्यावी, कारण गारठलेल्या पोटात दूध पचत नाही. फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली त्याला पुरते.

‘गाईचं दूध जड जाईल, पाणी घालून द्या’ हा सल्ला उलटा आहे. कुत्रीच्या दुधात प्रथिनं आणि स्निग्धांश गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक असतात. पाणी घातलं की पिल्लू भरल्या पोटी उपाशी राहतं. पिल्लांसाठीची दूधभुकटी चांगली. पहिल्या दिवशी मात्र आईचा चीक पिळून नळीनं द्यावा, कारण त्यातली प्रतिकारशक्ती पहिल्या चोवीस तासांतच अंगी लागते. वजन रोज करावं. किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटाही चालेल. वजन थांबलं, श्वास जोरात चालू लागला, की दवाखाना गाठावा. जनावरांसाठीचा १९६२ हा टोल-फ्री क्रमांक जवळ असू द्यावा.

‘लगेच टाके घालून टाका’ असंही लोक म्हणतात. इतक्या लहान जिवाला भूल जोखमीची, आणि शिवायला तोंडात पुरेसं मांसही नसतं. शस्त्रक्रिया सहसा तीन-चार महिन्यांनंतर करतात. पहिल्या शस्त्रक्रियेलाच यशाची संधी सर्वांत चांगली असते, म्हणून ती अनुभवी हातानंच व्हावी. तरीही कधी छोटं भोक उरतं आणि पुन्हा टेबलावर घ्यावं लागतं. धारणीकरांना त्यासाठी घाट उतरून अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था जवळची. नंतर काही आठवडे मऊ अन्न द्यायचं, चावायला काठ्या-हाडं नाहीत.

प्रत्येक पिल्लू वाचवता येत नाही. फट फार रुंद असेल, सोबत आणखी व्यंगं असतील, न्यूमोनिया पुन्हापुन्हा उलटत असेल, तर पशुवैद्यकानं इंजेक्शननं दिलेला वेदनारहित मृत्यू हा प्रामाणिक निर्णय आहे. पोत्यात घालून नदीत सोडणं किंवा रानात टाकणं ही दया नव्हे. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं तो गुन्हा आहे.

बरं झालेलं कुत्रं इतरांसारखंच खातं, भुंकतं, राखण करतं. त्याची नसबंदी मात्र करावी, कारण दोष पुढच्या पिढीत उतरू शकतो. रेबीज आणि डिस्टेंपरची लस चुकवू नये. डिस्टेंपरचा विषाणू कुत्र्यांकडून रानातल्या जनावरांतही जातो. २०१८ मध्ये गीरचे सिंह त्यानं दगावले होते, आणि धारणीच्या शिवाराला तर मेळघाटच्या वाघांचं जंगल लागून आहे.