गेमिंगसाठी जुन्या संगणकात आधी काय बदलावे?

नवी दिल्ली : पाच-सात वर्षांपूर्वी घेतलेला संगणक नव्या गेमसमोर धापा टाकू लागला, की बहुतेकांची पहिली धाव ग्राफिक्स कार्डाकडे असते. दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर २५-३० हजार रुपये मोजून आणलेले कार्ड बसवूनही गेम अडखळतच राहिला, तर दोष बहुधा कार्डाचा नसतो. म्हणूनच काय बदलावे, याचा निर्णय दुकानात नव्हे, तर घरच्या संगणकासमोर बसून घ्यायला हवा.

त्यासाठीची चाचणी फुकट आहे. फ्रेमच्या संख्येवरील मर्यादा काढून गेम सुरू करावा आणि कार्डाचा वापर किती टक्के होतो, ते पाहावे. तो सातत्याने ९५ टक्क्यांच्या वर असेल, तर कार्ड अपुरे पडत आहे. तो ६०-७० टक्क्यांवरच घुटमळत असेल, तर प्रोसेसर कार्डाला पुरेसे काम पुरवू शकत नाही. खात्रीसाठी रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणावे. तरीही फ्रेम वाढल्या नाहीत, तर नव्या कार्डाने फारसे साधणार नाही. ‘व्हॅलोरंट’ आणि ‘काउंटर-स्ट्राइक २’ प्रोसेसरवर अधिक विसंबतात, तर ‘सायबरपंक २०७७’चा मुख्य भार कार्डावर पडतो.

प्रोसेसर बदलणे किती महाग पडेल, हे मदरबोर्ड ठरवतो. एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या अनेक जुन्या मदरबोर्डांवर बायोस अद्ययावत केल्यास रायझेन ५००० मालिकेतील प्रोसेसर चालतो. इंटेलच्या आठव्या-नवव्या पिढीच्या बोर्डांवर मात्र दहाव्या पिढीचा प्रोसेसर बसत नाही.

स्वस्त कार्डांतही खोच असते. २०२२ मध्ये आलेले आरएक्स ६५०० एक्सटी केवळ चार पीसीआयई मार्गिका वापरते आणि त्याची मेमरी ४ जीबी आहे. पीसीआयई ३.० असलेल्या जुन्या बोर्डावर ती मेमरी भरली, की कामगिरी लक्षणीय घसरते. म्हणजे ज्या ग्राहकासाठी ते परवडणारे, त्याच्याच संगणकावर ते लंगडते. वीजपुरवठा हाही विसरला जाणारा घटक. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट लागतात. संगणकातील पॉवर सप्लाय निकृष्ट असेल, तर आधी तो बदलणे शहाणपणाचे. तसे जमत नसेल, तर सुमारे ७० वॅटमध्ये भागणारे आरटीएक्स ३०५० चे ६ जीबी कार्ड सोयीचे. त्याच्या बहुतेक आवृत्त्यांना स्वतंत्र वीजजोडणी लागत नाही.

रॅम वाढवणे हा एरवी सर्वांत स्वस्त उपाय. पण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरकडून वाढलेल्या मागणीमुळे २०२५ च्या अखेरीस मेमरीच्या किमती भडकल्या. तरीही ८ जीबीची एकच पट्टी असेल, तर तशीच दुसरी जोडावी. दोन पट्ट्यांमुळे मेमरीला दुहेरी मार्ग मिळतो. एसएसडीने गेम लवकर उघडतो. फ्रेम सहसा वाढत नाहीत. रंगीत दिव्यांच्या पंख्यांनीही वाढत नाहीत, पण विक्री त्यांचीच जोरात असते.

विंडोज १० ची नियमित मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ वर ‘व्हॅलोरंट’ला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट लागते. अनेक बोर्डांवर ही सोय असते, फक्त बायोसमध्ये बंद असते. ती सुरू करायला पैसे पडत नाहीत. इंटेलचे आठव्या पिढीआधीचे प्रोसेसर मात्र, मोजके अपवाद वगळता, विंडोज ११ च्या अधिकृत यादीतच नाहीत. अशा संगणकात नवे कार्ड घालायचेच असेल, तर पुढे नव्या बोर्डावरही चालेल असेच निवडावे.