आभाळातल्या खिंडी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मराठीत ‘खिंडीत गाठणं’ असा एक वाक्प्रचार आहे. मोकळ्या माळावर माणूस सहसा हाती लागत नाही. तो कुठूनही निसटू शकतो. पण त्याला डोंगरापलीकडे जायचं असेल, तर खिंडीतून जावंच लागतं. आणि ज्याला त्याची वाट अडवायची आहे, तो तिथंच दबा धरून बसतो. आज मी ज्या खिंडींबद्दल बोलणार आहे, त्या मात्र सह्याद्रीतल्या नाहीत. त्या संगणकाच्या पडद्यावरच्या आभाळात आहेत.

तुम्ही म्हणाल, कविता करणारा हा माणूस या भानगडीत कुठून आला? माझा धाकटा मुलगा नोकरी करतो आणि रात्री जेवणं झाली की तासभर ‘ईव्ह ऑनलाइन’ नावाचा खेळ खेळतो. मी त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसतो. मी स्वतः खेळत नाही, बघतो आणि विचारतो. अंतराळातला खेळ म्हणजे नुसती धडाधड गोळीबारी, अशी आपली समजूत असते. इथं बघितलं तर बहुतेक वेळ लपण्यात, कानोसा घेण्यात आणि वाट बदलण्यातच जातो.

हा खेळ आइसलँडमधल्या सीसीपी नावाच्या कंपनीनं मे 2003 मध्ये सुरू केला आणि तो अजून चालू आहे. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं 2012 मध्ये जे पहिले चौदा व्हिडिओ गेम आपल्या संग्रहात घेतले, त्यांत हाही होता. त्यातलं विश्व सात हजारांहून जास्त सूर्यमालांचं आहे. चीनसाठी वेगळी व्यवस्था आहे. ती सोडली तर जगभरचे खेळाडू या एकाच विश्वात वावरतात. तुमच्या समोरून जाणारं जहाज यंत्र चालवत असेलच असं नाही. पोलंडमधला एखादा शिक्षक किंवा ब्राझीलमधला एखादा विद्यार्थी ते चालवत असेल.

आता या भीतीचं मूळ सांगतो. बऱ्याच खेळांत मेलात तरी पुन्हा होते तसे उभे राहता. इथं जहाज फुटलं की फुटलं. ते मिळवायला घातलेले आठवडे गेले, त्यातला माल गेला. विम्याचे थोडे पैसे मिळतात, पण जहाज परत येत नाही. जानेवारी 2014 मध्ये या विश्वातल्या एका सूर्यमालेत जवळजवळ 21 तास लढाई चालली आणि टायटन जातीची 75 महाकाय जहाजं नष्ट झाली. खऱ्या पैशात हिशोब केला तेव्हा नुकसान तीन लाख डॉलरच्या घरात गेल्याचा अंदाज निघाला. जिथं गमावण्यासारखं काही असतं, तिथं माणूस सावध होतो. खेळाडूंमध्ये एक नियम सर्वतोमुखी आहे: जे गमावणं परवडणार नाही, ते घेऊन बाहेर पडू नका.

या विश्वाच्या भूगोलात सुरक्षिततेला आकडे दिलेले आहेत. 1.0 पासून 0.5 पर्यंतचा प्रदेश सर्वांत सुरक्षित. 0.4 ते 0.1 हा धोक्याचा. शून्य आणि त्याखाली कोणाचाच कायदा चालत नाही. तिथं खेळाडूंच्या टोळ्यांचीच राज्यं आहेत. सुरक्षित प्रदेशात ‘काँकॉर्ड’ नावाचे पोलीस असतात. मात्र हे पोलीस गुन्हा थांबवत नाहीत, गुन्हेगाराला शिक्षा करतात. विनाकारण हल्ला करणाऱ्याचं जहाज ते हमखास उडवतात. पण त्यांना यायला काही सेकंद लागतात, आणि आकडा जितका खाली तितका उशीर जास्त.

वाटमारे या काही सेकंदांवरच आपला धंदा चालवतात. ‘जिता’ ही या विश्वातली सर्वांत मोठी बाजारपेठ. तिच्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्या एका मुख्य वाटेवर ‘उएदामा’ नावाची सूर्यमाला आहे. तिचा आकडा 0.5, म्हणजे कागदावर सुरक्षित. तिथं लुटारू टपून बसतात. एक जण येणाऱ्या मालवाहू जहाजाची झडती यंत्रानं दुरूनच घेतो आणि आत काय आहे ते साथीदारांना कळवतो. मग स्वस्तातली दहा-वीस जहाजं एकदम तुटून पडतात. पोलीस येऊन ती सगळी उडवतात, पण तोवर मालवाहू जहाज फुटलेलं असतं. लुटारूंचा आणखी एक साथीदार विखुरलेला माल गोळा करून निघून जातो.

यात वैर नसतं, हिशोब असतो. जहाज फुटलं की त्यातली प्रत्येक वस्तू शाबूत राहण्याची शक्यता साधारण निम्मी असते. म्हणजे निम्म्या मालाची किंमत लुटारूंनी गमावलेल्या जहाजांपेक्षा जास्त भरली, तर हल्ला फायद्याचा. त्यामुळं जाणता व्यापारी चिलखत वाढवतो आणि माल कमी भरतो. एका फेरीऐवजी तीन फेऱ्या करतो. लुटायला परवडणार नाही इतकाच माल जवळ ठेवणं, हा त्याचा बचाव.

आता खऱ्या खिंडीकडे येऊ. एका सूर्यमालेतून दुसरीत जायला ‘स्टारगेट’ नावाची दारं असतात. बहुतेक वाहतूक त्यांतूनच होते, म्हणून दबा धरून बसायची जागाही तीच. धोक्याच्या प्रदेशात दारापलीकडे उतरलात की पुढं टोळी उभी असू शकते. त्यांच्यापैकी एकाचं काम फक्त तुम्हाला अडकवून ठेवायचं. जहाजाला लांबची झेप घ्यायची असते तिला ‘वॉर्प’ म्हणतात. ही झेप रोखणारं यंत्र तो तुमच्यावर रोखतो. तुम्ही जागीच खिळलात की बाकीचे गोळ्या घालतात. बेकायदा प्रदेशात तर मोठे बुडबुडे सोडतात; त्यात सापडलेल्या कुठल्याच साध्या जहाजाला झेप घेता येत नाही.

पण खेळ रचणाऱ्यांनी प्रवाशालाही एक सवलत ठेवली आहे. दारातून पलीकडे गेल्यावर, तुम्ही हललात नाही तर साठ सेकंद कोणालाच दिसत नाही. नवखा खेळाडू समोर शत्रू दिसताच घाबरून पळायला बघतो आणि दिसू लागतो. अनुभवी माणूस आधी मोजतो: किती जण आहेत, कोणती जहाजं आहेत, आपल्यापासून किती लांब आहेत, कोणती दिशा मोकळी आहे. मुलगा अशा वेळी कळफलकावरचा हात उचलून मला म्हणतो, “अब्बा, अजून चाळीस सेकंद आहेत.”

त्या साठ सेकंदांनंतर काय करायचं, याच्या तीन वाटा आहेत. जहाज हलकं असेल तर दिशा धरून झेप घ्यायची. लहान जहाजावर नेम धरायला शत्रूला तेवढा वेळच मिळत नाही. अदृश्य होण्याचं यंत्र असेल तर ते चालू करून सटकायचं. मात्र कुठल्याही वस्तूच्या दोन हजार मीटर आत गेलात की पडदा गळून पडतो, त्यामुळं शत्रूची वेगवान जहाजं तुम्ही शेवटी दिसलात त्या जागेकडे धावत येतात. तिसरी वाट म्हणजे ज्या दारातून आलात तिकडेच पळत जाऊन परत पलीकडे जायचं. पण यासाठी एक पथ्य आहे: गोळी झाडायची नाही. जो हत्यार चालवतो त्याला त्यानंतर साठ सेकंद दार बंद असतं. चिडून एक गोळी झाडणाऱ्याला त्याच्या रागानंच कोंडलेलं असतं.

सर्वांत गंमत वाटली ती मालवाहू जहाजाची. हे धूड इतकं जड की झेप घेण्याआधी वेग धरायलाच त्याला बराच वेळ लागतो. नियम असा आहे की, आपल्या कमाल वेगाच्या पाऊणपट वेग गाठला की झेप घेता येते. आता एक यंत्र असतं, ते शत्रूवर जाळं टाकून त्याचा कमाल वेग घटवतं. व्यापारी आपल्या सोबत्यालाच हे जाळं आपल्यावर टाकायला सांगतो. कमाल वेगच कमी झाला, की त्याचा पाऊणपट हा आकडाही खाली येतो, आणि जहाज तो लगेच गाठून झेप घेतं. शत्रूला धरायचं जाळं मित्राला सोडवायच्या कामी येतं.

वाटेत शत्रू आहे हे कळणार कसं? पहिलं साधन म्हणजे नावांची यादी. ज्ञात प्रदेशात तुम्ही ज्या सूर्यमालेत आहात, तिथं हजर असलेल्या प्रत्येकाचं नाव पडद्यावर दिसतं. दुसरं साधन दिशा शोधणारा स्कॅनर. त्याचा पल्ला सुमारे 14.3 खगोलीय एककं, म्हणजे दोनशे कोटी किलोमीटरहून अधिक. आपल्या सूर्यावर बसून तो लावला तर शनीच्या पलीकडचं दिसेल, युरेनस दिसणार नाही. त्याचा कोन लहान लहान करत गेलं की जहाज कोणत्या दिशेला आहे ते कळतं. तंतोतंत जागा हवी असेल तर शोधक प्रोब सोडावे लागतात, निदान चार. शत्रूचे प्रोब आपल्या स्कॅनरवर दिसू लागले की समजायचं, आपल्याला कोणी तरी शोधतंय.

यावर उपाय म्हणून शहाणे खेळाडू आधीच लपायच्या जागा करून ठेवतात. दोन ग्रहांमधल्या प्रवासात मध्येच एका बिंदूची खूण करून ठेवायची. तिथं काहीच नसतं, म्हणून सहज कोणी येत नाही. मात्र सरळ रेषेवरच्या जागा शत्रूलाही सुचतात. तेव्हा वाटेपासून बाजूला पडलेली जागा अधिक चांगली. दारावरून दारावर सरळ झेप घेऊ नये, मध्ये एखाद्या आडबाजूच्या ग्रहाला वळसा घालावा, हाही त्यातलाच धडा. बुडबुडे बहुधा सरळ वाटेवर मांडलेले असतात.

मार्च 2009 मध्ये या खेळात एक नवा अज्ञात प्रदेश उघडला, कृष्णविवरांसारख्या भुयारांतून जायचा. तिथं ही नावांची यादी नाही. तुम्ही त्या सार्वजनिक वाहिनीवर काही बोललात, तरच तुमचं नाव उमटतं. म्हणजे बोललात की सापडलात. शब्दांवर जगणाऱ्या माझ्यासारख्याला हा प्रदेश फार विचार करायला लावतो. जुलै 2019 मध्ये कंपनीनं बेकायदा प्रदेशातलीही यादी काढून टाकून पाहिली. शिकारी खूश झाले. पण बाकीचे अनेक जण तिकडे फिरकेनासे झाले, आणि सप्टेंबरमध्ये यादी परत आणावी लागली. कोण आसपास आहे हे कळेनासं झालं, की माणूस घराबाहेर पडत नाही आणि मग शिकाऱ्यालाही शिकार उरत नाही.

याच्या उलट बाजूही आहे. एखादा शत्रू तुमच्या प्रदेशात येऊन अदृश्य होतो आणि संगणक तसाच चालू ठेवून आपल्या कामाला निघून जातो. यादीत त्याचं नाव मात्र झळकत राहतं. तेवढ्या एका नावानं खाणकाम करणारे दिवसभर हातावर हात ठेवून बसतात. शेवटी बराच वेळ निष्क्रिय दडून राहिलेल्याला उघडं पाडणारं उपकरण खेळात आणावं लागलं.

हे सगळं यंत्रांचं झालं. सर्वांत मोठे घात मात्र यंत्रानं ओळखता येत नाहीत. 2005 मध्ये खेळाडूंच्या एका टोळीनं दुसऱ्या एका संघटनेत आपली माणसं पेरली. ती जवळजवळ वर्षभर इमानानं राहिली, वर चढली, तिजोरीपर्यंत पोचली. ठरलेल्या दिवशी इशारा मिळताच तिजोऱ्या रिकाम्या झाल्या आणि प्रमुखाचं जहाज सोबतीला असलेल्यांनीच फोडलं. नुकसान त्या वेळी साडेसोळा हजार डॉलरच्या आसपास मोजलं गेलं. कंपनीनं यात हस्तक्षेप केला नाही, कारण खेळाच्या आत फसवणूक हा खेळाचाच भाग मानला जातो.

आई-वडिलांनी लक्ष द्यायचं ते नेमकं या जागी. जहाज फुटलं तर मुलाला दोन दिवस वाईट वाटेल. त्याची काळजी नको. काळजी खेळाबाहेरची. खेळातल्या दोस्ताला आपला पासवर्ड, फोन नंबर, घरचा पत्ता देऊ नये. खेळातलं चलन बाहेर कोणाकडून खऱ्या पैशांनी घेऊ नये. ते नियमबाह्य आहे आणि खातं बंद होऊ शकतं. खेळातल्या लुटीला कंपनीची मुभा आहे, पण खऱ्या आयुष्यातल्या धमक्यांना आणि छळाला नाही. तसं काही झालं तर मुलानं निःसंकोच घरात सांगावं आणि तक्रार करावी. त्यानं सांगावं असं वाटत असेल, तर आपल्यालाही खेळाची चार नावं ठाऊक असायला हवीत. “बंद कर तो डबा” एवढंच म्हणणाऱ्याला मुलं काही सांगत नाहीत.

ज्यांना हा ताणच नको, त्यांच्यासाठीही सोय आहे. इंग्लंडमध्ये तयार झालेल्या, 2014 मधल्या ‘एलीट डेंजरस’ या खेळात तेच आभाळ एकट्यानं किंवा निवडक मित्रांसोबत फिरता येतं. सर्वांसोबत खेळायचं ठरवलं तर तिथं लपण्याची रीत निराळी आहे: जहाज आपल्या उष्णतेमुळं ओळखू येतं. उष्णता बाहेर टाकणाऱ्या झडपा मिटल्या की शत्रूच्या यंत्राला ते सापडेनासं होतं, पण आतली धग वाढत जाते आणि झडपा वेळेवर उघडल्या नाहीत तर जहाजच भाजून निघतं.

इतक्या रात्री बसून पाहिल्यावर माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली आहे. सर्वांत महागडं चिलखत घालणारे नव्हेत, तर एकमेकांना खबर देणारे खेळाडू सुखरूप पोचतात. एक जण हलकं जहाज घेऊन पुढं जातो, दारापलीकडे डोकावतो आणि मागच्यांना सांगतो, “वाट मोकळी आहे, या.” त्याला लुटीत काही मिळत नाही आणि मालाचा नफाही त्याचा नसतो. पण मालवाहू जहाज त्याच्या शब्दावर विसंबून दारात शिरतं. मी मुलाला विचारलं, तुमच्या गटात हे काम कोण करतं? तो म्हणाला, “पाळीपाळीनं सगळेच.”