पेशीचा पहारेकरी

आपल्या शरीरातील पेशींचे विभाजन सतत चालू असते. जनुकांत बिघाड आढळताच विभाजन थांबवणारे, आणि बिघाड दुरुस्तीपलीकडचा असेल तर पेशीला मरण पत्करायला लावणारे एक प्रथिन आहे. त्याचे नाव पी-५३. १९७९ साली ते सापडले, तेव्हा शास्त्रज्ञांनी त्यालाच कर्करोगाचे कारण मानले! ते कर्करोग रोखणारे आहे, हे कळायला १९८९ साल उजाडले.

सुमारे निम्म्या मानवी कर्करोगांत पी-५३चे जनुकच बिघडलेले असते. इतर काही गाठींत पहारेकरी धडधाकट असतो, पण जखडलेला. एमडीएम-२ नावाचे प्रथिन त्याला धरते आणि नष्ट होण्यासाठी धाडते. निरोगी पेशीत हा अंकुश आवश्यकच असतो. गाठीत त्याचा अतिरेक होतो.

एमडीएम-२वर एक खोलगट खाच असते. तिच्यात पी-५३ची तीन अमिनो आम्ले रुतून बसतात. ती खाच आधीच भरून टाकली तर? अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, नटली या गावी रॉश कंपनीच्या प्रयोगशाळेत असे लहान रेणू सापडले. २००४ मध्ये ते जाहीर झाले. गावाच्या नावावरून त्यांना ‘नटलिन’ म्हणतात.

त्यांचे औषध होणे मात्र अवघड ठरले. निरोगी पेशींतही पी-५३ जागे होते आणि रक्तातील प्लेटलेट्स घटतात. इडासानटलिन या रेणूची रक्ताच्या कर्करोगावरील मोठी चाचणी २०२० मध्ये अपयशी ठरली. पी-५३चे जनुकच बिघडलेल्या गाठींवर तर नटलिनचा उपयोग नाही. तेथे विस्कटलेल्या पी-५३ला पुन्हा आकारात आणणारे वेगळे रेणू शोधावे लागतात.