रस्त्यावर टाकलेल्या दिव्यासाठी लोक हळहळले, आयकियाने त्यांनाच वेड्यात काढलं

एक बाई टेबलावरच्या लाल दिव्याचा प्लग काढते. दिवा उचलते, खाली घेऊन येते आणि रस्त्याच्या कडेला कचऱ्याशेजारी ठेवून निघून जाते. रात्र होते. वारा सुटतो, पाऊस सुरू होतो. दिवा मान खाली घालून भिजत उभा आहे, आणि वर खिडकीत त्याच्या जागेवर नवा दिवा लागलाय. मागे उदास पियानो वाजतोय. बघणाऱ्याच्या पोटात कालवाकालव व्हावी, असं सगळं जमून आलेलं.

तेवढ्यात पावसात भिजलेला एक माणूस कॅमेऱ्यासमोर येतो आणि स्वीडिश धाटणीच्या इंग्रजीत प्रेक्षकांनाच झापतो. या दिव्याची दया येतेय? म्हणजे तुम्ही वेडे आहात. त्याला कसल्या आल्यात भावना, आणि नवा दिवा याच्यापेक्षा बराच चांगला आहे.

मग पडद्यावर आयकियाचं नाव येतं. ६० सेकंदांत विषय संपला.

'लॅम्प' नावाची ही जाहिरात २००२ ची. दिग्दर्शक होता स्पाइक जोन्झ. हाच माणूस पुढे २०१३ मध्ये 'हर' हा सिनेमा घेऊन आला, ज्यात नायक चक्क संगणकाच्या एका प्रणालीच्या प्रेमात पडतो. म्हणजे निर्जीव वस्तूत जीव गुंतणं हा त्याचा जुनाच विषय म्हणायचा. जाहिरात अमेरिकेतल्या क्रिस्पिन पोर्टर अँड बोगुस्की या एजन्सीने तयार केली होती आणि २००३ मध्ये कानच्या जाहिरात महोत्सवात तिला फिल्म विभागाचा सर्वोच्च पुरस्कार, म्हणजे ग्रां प्री मिळाला. आजही ही जाहिरात अधूनमधून कुणाच्या ना कुणाच्या फीडमध्ये वर येते आणि खाली हळहळणाऱ्यांची रांग लागते.

पण फर्निचर विकणाऱ्या कंपनीला आपल्याच गिऱ्हाइकाला वेडं म्हणायची गरज का पडली?

अडचण दुसऱ्या दुकानाची नव्हती, घरातल्या जुन्या टेबलाची होती

आयकियाची सुरुवात १९४३ ची. इंगवार काम्प्राड या १७ वर्षांच्या स्वीडिश पोराने ती सुरू केली. स्वस्त, सुटसुटीत आणि सपाट खोक्यात भरून घरी नेता येईल असं फर्निचर ही कंपनीची ओळख पुढे १९५० च्या दशकात बनली. अमेरिकेत तिचं पहिलं दुकान १९८५ मध्ये उघडलं.

तिथे मुख्य अडचण वेगळीच होती. लोक कपडे दरवर्षी बदलत होते, गाडीही काही वर्षांनी बदलत होते. पण सोफा आणि जेवणाचं टेबल मात्र एकदा घेतलं की घेतलं. आजीचं टेबल नातीकडे जायचं. दिवा चालू आहे तोवर दुसरा कशाला, हा साधा हिशेब. अशा घरात नवा दिवा विकायचा तर आधी जुना दिवा टाकायला लावणं भाग होतं, आणि तो टाकताना वाटणारी अपराधी भावना मधे यायची.

'लॅम्प'ची करामत इथेच आहे. जाहिरातीने ती भावना लपवली नाही. उलट ती पुरती चेतवली, प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी यायची वेळ आणली आणि मग त्यालाच विचारलं की रडतोस कुणासाठी? बल्ब आणि पत्र्यासाठी? हसू आलं की विरोध संपतो, हे जाहिरातवाल्यांना पक्कं ठाऊक असतं.

हा डाव आयकियाने त्याआधी ब्रिटनमध्येही टाकला होता, पण फार मोठ्या आवाजात. १९९६ मध्ये सेंट ल्यूक्स या एजन्सीने केलेल्या जाहिरातीत बायका घरातले फुलाफुलांचे पडदे, झालरी, दिव्यांची आवरणं उचलून कचऱ्याच्या पेटीत फेकतात आणि गाणं गात सांगतात की 'चिंट्झ' बाहेर काढा. ब्रिटिश मध्यमवर्गाच्या बैठकीवरच हा हल्ला होता.

या चिंट्झचं मूळ आपल्याकडचं आहे. मराठीत ज्याला चीट म्हणतात आणि हिंदीत छींट, तोच हा शब्द. कोरोमंडल किनाऱ्यावरून आणि गुजरातेतून गेलेल्या या रंगीत सुती कापडाने सतराव्या शतकात युरोपला असं वेड लावलं, की आपले विणकर वाचवण्यासाठी फ्रान्सने १६८६ मध्ये त्यावर बंदी घातली आणि पुढे इंग्लंडनेही तेच केलं. जे कापड कायद्याने हटलं नाही, ते हटवायला तीनशे वर्षांनी एक गाणं आलं.

दिव्याला मान असते, म्हणून तो बिचारा वाटतो

पुन्हा त्या लाल दिव्याकडे येऊ. जाहिरातीत तो स्वतःहून जराही हलत नाही. डोळे नाहीत, तोंड नाही, आवाज नाही. तरी तो बिचारा वाटतो.

१९४४ मध्ये फ्रिट्झ हायडर आणि मारियान झिमेल या मानसशास्त्रज्ञांनी एक छोटी फिल्म दाखवून प्रयोग केला. फिल्ममध्ये फक्त दोन त्रिकोण, एक वर्तुळ आणि दार असलेली एक चौकट. आकृत्या इकडून तिकडे सरकतात, एवढंच. काय दिसलं ते लिहा, असं ३४ विद्यार्थिनींना सांगितलं. एकीनेच भूमितीच्या भाषेत वर्णन केलं. बाकीच्यांना मोठा त्रिकोण दांडगट वाटला, वर्तुळ घाबरलेलं वाटलं, कुणाला त्यात चक्क प्रेमाचा त्रिकोण दिसला. माणसाच्या मेंदूला गोष्ट रचायची इतकी घाई असते.

टेबल लॅम्पच्या बाबतीत तर मेंदूचं काम आणखी सोपं होतं, कारण त्याचा बांधाच माणसासारखा आहे. वर डोकं, मधे वाकणारी मान, खाली बैठक. १९८६ मध्ये पिक्सारने आपली पहिली छोटी फिल्म 'लक्सो ज्युनियर' केली, तेव्हा जॉन लॅसेटरने पात्रं म्हणून दोन टेबल लॅम्पच निवडले. त्यातला छोटा दिवा चेंडूवर उड्या मारतो, चेंडू फुटल्यावर मान खाली घालतो. दोन मिनिटांच्या त्या फिल्मला ऑस्करचं नामांकन मिळालं. पिक्सारच्या नावापुढे टुणटुण उड्या मारत येतो तो हाच दिवा.

पिक्सारने दिवा हलवून दाखवला. जोन्झने कॅमेरा दिव्याच्या उंचीवर आणला. दिव्याच्या बाजूने वर, खिडकीकडे बघितलं की तिथला नवा दिवा आपोआप सवत होतो. रंग लाल, म्हणजे राखाडी रस्त्यावर नजर दुसरीकडे जातच नाही. आपल्याला जे वाटतं ते ठरवून वाटायला लावलेलं असतं, आणि शेवटी ओरडा पण आपल्यालाच.

भावना नसतात, पण शार्कला मिठी मारा

गंमत म्हणजे, वस्तूत जीव गुंतवू नका म्हणणारी हीच कंपनी लोकांचा जीव वस्तूत गुंतवण्यात पटाईत आहे.

तिची निळी शार्क, ब्लोहाय, साधं कापडी खेळणं; पण इंटरनेटवर तिचा वेगळाच संसार आहे. लोक तिला खुर्चीवर बसवतात, प्रवासाला नेतात, पट्टा लावून फोटो टाकतात. डेव्हिड वाल या डिझायनरचा 'पीएस २०१४' नावाचा गोल छतदिवा घ्या. दोरी ओढली की त्याच्या पाकळ्या उघडतात आणि प्रकाश बाहेर पडतो, दुसरी ओढली की मिटतात. 'स्टार वॉर्स'च्या चाहत्यांनी त्याला राखाडी रंग फासून 'डेथ स्टार' केला. बटणाने जे काम झालं असतं ते दोरीने करायला लावलं, म्हणून घरी येणारा प्रत्येक पाहुणा ती एकदा तरी ओढून बघतो. अशा खेळकर वस्तूंना वेगळी जाहिरात लागत नाही. फोटो काढणारा गिऱ्हाईकच ती फुकटात करतो.

आणि सगळ्यात मोठी गुंतवणूक त्या षटकोनी किल्लीत आहे. मायकल नॉर्टन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये छापलेल्या अभ्यासात काही लोकांना आयकियाचा एक खोका स्वतः जोडायला दिला, काहींना जोडलेला दिला. स्वतः जोडणाऱ्यांनी त्याच खोक्यासाठी सरासरी ६३ टक्के जास्त पैसे मोजायची तयारी दाखवली. याला 'आयकिया इफेक्ट' हेच नाव पडलं. घाम गाळला की वस्तू आपली वाटते, मग दार जरा तिरकं बसलं असलं तरी.

म्हणजे घेताना जीव लावायचा आणि टाकताना काढून घ्यायचा. धंद्याला दोन्ही हवंय.

टाकलेलं सगळं जातं कुठे?

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या, म्हणजे ईपीएच्या आकडेवारीनुसार १९६० मध्ये त्या देशात २२ लाख टन फर्निचर आणि घरसजावटीचं सामान कचऱ्यात गेलं. २०१८ मध्ये हाच आकडा होता १ कोटी २१ लाख टन. लोकसंख्या या काळात दुप्पटही झाली नाही, कचरा मात्र साडेपाच पट झाला. त्यातला जवळपास ८० टक्के थेट जमिनीत पुरला गेला.

याचा दोष एका जाहिरातीवर किंवा एका कंपनीवर टाकणं भाबडेपणाचं होईल. स्वस्त फर्निचर बनवणाऱ्या शेकडो कंपन्या आहेत. शिवाय नेटकं, देखणं घर ही फक्त श्रीमंतांची मक्तेदारी नसावी, हा काम्प्राडचा आग्रह खोटा नव्हता. पहिल्या पगारात चार खुर्च्या आणि टेबल घेता येणं ही लहान गोष्ट नाही.

अडचण मालात आहे. स्वस्त कपाटं आणि टेबलं बहुतेक पार्टिकल बोर्डाची असतात, म्हणजे लाकडाचा चुरा गोंदात दाबून केलेली फळी. वरून पातळ थर चिकटवलेला. काही टेबलांच्या आत तर मधमाशांच्या पोळ्यासारखा पुठ्ठाच भरलेला असतो. हलकं होतं, स्वस्त होतं, सरळ राहतं. पण कडेतून पाणी शिरलं की फळी फुगते आणि परत बसत नाही. एकदा उकलून पुन्हा जोडलं की स्क्रूचं भोक सैल पडतं, स्क्रू नुसता गरगर फिरतो. सागवानी टेबलाला रंधा मारता येतो. इथे रंधा मारला की खाली भुसा निघतो. त्यामुळे मालकाला वस्तू टाकायची नसली तरी वस्तूच टिकत नाही.

आणि १६ वर्षांनी दिवा परत आला

२०१६ च्या जानेवारीत आयकियाचा तेव्हाचा शाश्वतता प्रमुख स्टीव्ह हॉवर्ड एका चर्चेत बोलून गेला की पाश्चात्त्य देशांत वस्तूंची बहुधा कमाल मर्यादा गाठली गेली आहे. लोकांकडे आता पुरेसं झालंय. सामान विकणाऱ्या जगातल्या सगळ्यात मोठ्या दुकानांपैकी एकाचा अधिकारी हे म्हणतोय म्हटल्यावर बातमी होणारच.

२०१८ मध्ये कॅनडात 'लॅम्प २' आली. रिथिंक ही एजन्सी, मार्क झिबर्ट दिग्दर्शक. तोच लाल दिवा कचऱ्याशेजारी उभा आहे. एक लहान मुलगी येते, त्याला गाडीत घालून घरी नेते. नवा एलईडी बल्ब लागतो आणि दिवा तिच्या खेळात, वाचनात सोबती होतो. शेवटी तोच स्वीडिश माणूस, तोच अभिनेता, पुन्हा समोर येतो. या वेळी तो म्हणतो की दिव्यासाठी आनंद झाला असेल तर तुम्ही वेडे नाही आहात, वस्तू पुन्हा वापरणं जास्त चांगलं.

जाहिरात गोड आहे यात वाद नाही. पण तिने बल्ब विकला आणि नावही विकलं, हे विसरून चालत नाही. २००२ मध्ये भावना विक्रीच्या आड येत होती म्हणून तिची टर उडवली. २०१८ मध्ये तीच भावना कामाची झाली म्हणून तिला शाबासकी दिली. नुसता शब्दांचा खेळ मात्र नव्हता. २०२० मध्ये कंपनीने २७ देशांत जुनं आयकिया फर्निचर परत घेऊन खरेदीचं व्हाउचर देण्याची योजना जाहीर केली. व्हाउचर अर्थातच आयकियातच वापरायचं.

भारतात आयकिया ऑगस्ट २०१८ मध्ये हैदराबादला आली आणि डिसेंबर २०२० मध्ये नवी मुंबईत तुर्भ्याला. इथे लग्नात आलेलं गोदरेजचं कपाट दोन पिढ्या चालतं, नको झालं तर जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारात किंवा भंगारवाल्याच्या तराजूत त्याला भाव मिळतो. फुगलेल्या पार्टिकल बोर्डाला तिथे कुणी विचारत नाही. त्यात मुंबई-पुण्यात ११ महिन्यांचे भाडेकरार, म्हणजे दर वर्षा-दोन वर्षांनी कपाट उकला, टेम्पोत चढवा, पुन्हा जोडा. वर पावसाळ्याची ओल.

म्हणून स्वस्तातलं कपाट घेणाऱ्यांनी दोन गोष्टी बघून घ्याव्यात: फळीच्या सगळ्या कडांना पट्टी लागली आहे का, आणि जमिनीला टेकणारा भाग पायांवर उचललेला आहे का. स्क्रू सैल झालाच, तर त्यावर आपल्या सुतारांकडे जुना इलाज आहे. भोकात फेव्हिकॉल सोडायचं, काडेपेटीच्या काड्या ठोकायच्या, रात्रभर वाळू द्यायचं आणि सकाळी स्क्रू पुन्हा पिळायचा. पार्टिकल बोर्डात हा इलाज एखाद-दोनदा चालतो.