पडीत प्लॉट आणि गांवचा पैसा

जमिनीचा भाव कोण वाढवितो, हा प्रश्न आमच्या व्यापारी बंधूंनीं एकवार शांतपणें स्वतःस विचारावा. कापडाचा दुकानदार माल आणतो, उधारी सोसतो, दिवसभर गादीवर बसतो. त्याचा नफा श्रमाचा व जोखमीचा आहे. संत्र्याचा बागाईतदार पांच-सहा वर्षें झाडें जगवितो, तेव्हां कोठें त्यास फळ दिसतें. परंतु मोर्शीच्या वेशीबाहेर प्लॉट घेऊन त्याभोंवतीं तार ओढून स्वस्थ बसणाऱ्यानें काय केलें? त्यानें वाट पाहिली, एवढेंच.

तरीहि त्याचा भाव चढतो. कारण शेजारून रस्ता गेला. तालुक्याची कचेरी, न्यायालय, शाळा व बाजार ह्यांमुळें वस्ती वाढली. नरखेड-बडनेरा लोहमार्गावर गांवास स्टेशन मिळालें. सिंभोऱ्यास वर्धेवर धरण होऊन शेतीस पाणी आलें व बाजारांत पैसा खेळला. हीं कामें सर्वांच्या करांतून झालीं. लाभ मात्र आयत्या बिळावरील नागोबास!

ह्यांत कोणाचें काय बिघडतें, असें कोणी विचारील. पहिलें नुकसान व्यापाराचें. संत्र्याचा पैसा फळांची प्रतवारी, सांठवण व प्रक्रिया ह्यांत न जातां मातींत पुरला जातो. दुसरें नगरपरिषदेचें. वीस प्लॉटांच्या ले-आउटांत तीनच घरें असलीं, तरी नळ, नाली व दिवे वीसांपुढून न्यावे लागतात. तिसरें आणि मोठें नुकसान गरिबाचें. गांवालगतची जागा त्याच्या हातीं लागत नाहीं. मग तो दूरच्या शेतांत विनापरवाना गुंठा-दोन गुंठे घेऊन घर बांधतो. अशीं घरें राज्यभर इतकीं झालीं कीं तीं नियमाधीन करण्यासाठीं २००१ सालीं गुंठेवारीचा कायदा करावा लागला.

हा विचार नवा नाहीं. हेन्री जॉर्ज ह्या अमेरिकन ग्रंथकारानें १८७९ सालींच सांगितलें कीं, कर घरावर नको, जमिनीच्या मूल्यावर हवा. मुंबईंत १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ सालीं सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानें दादर-माटुंग्याकडे जमिनी घेऊन रस्ते आंखले व प्लॉट दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यानें दिले. मूळ मालकी सार्वजनिक राहिली. त्या ट्रस्टाचे दोष पुष्कळ होते, पण हें तत्त्व खरें होतें.

आज जो घर बांधतो त्यावर कर चढतो आणि जो जागा पडीत ठेवतो तो थोडक्यांत सुटतो. हें उलटें झालें पाहिजे. १९९९ सालीं नगरपरिषदांची जकात बंद झाल्यापासून त्यांस सरकारी अनुदानाकडे तोंड करून बसावें लागतें. सोयी पोंचूनहि रिकाम्या राहिलेल्या प्लॉटावर वर्षागणिक चढता कर बसविल्यास त्यांस हक्काचें उत्पन्न मिळेल आणि विकाऊ जागाहि बाजारांत येतील. त्यासाठीं कायद्यांत जी दुरुस्ती लागेल ती शासनानें करावी.

मुलीच्या लग्नासाठीं किंवा म्हातारपणासाठीं एखादा प्लॉट राखणाऱ्या शिक्षकाचें वा कारकुनाचें काय, हा आक्षेप रास्त आहे. पहिल्या लहान प्लॉटास सूट द्यावी. बोजा पांच-दहा प्लॉट दाबून बसणाऱ्यांवर पडावा.

आमच्या वाचकांपैकींच कित्येकांस हें कडू लागेल, हें आम्ही जाणतों. परंतु घरभाड्याखालीं दबलेला नोकर अधिक पगार मागणार आणि रिकाम्या खिशाचें गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढणार नाहीं. तेव्हां ही मागणी नगरपरिषदेकडे प्रथम व्यापाऱ्यांनींच न्यावी, हें त्यांच्याहि हिताचें आहे.