सुई खाली का ठेवली?

चाळीसगावात बर्फ पडत नाही. खानदेशाला माहीत आहे ती गारपीट, आणि तिचे नुसते नाव काढले तरी गहू-हरभरा शेतात उभा असलेल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. तरीही थंडी सुरू झाली की क्रोशाने विणलेले हिमकण आता इथल्या मोबाइलवरही दिसू लागतात. पांढरा दोरा, बारीक आकड्याची सुई आणि सहा टोकांची चांदणी. वीण अवघड नाही. सहा साखळ्यांचे कडे करायचे, त्यात बारा खांब घालायचे, मग सहा ठिकाणी कमानी काढून प्रत्येक कमानीच्या टोकाला तीन साखळ्यांची कळी करायची. ज्या हातांनी आयुष्यभर तोरणे, रुमाल आणि ताटावरची झाकणे विणली, त्यांना हे एका दुपारचे काम आहे.

टोके सहाच का, हा प्रश्न जुना आहे. जर्मन खगोलशास्त्रज्ञ योहान्स केप्लर याने १६११ मध्ये त्यावर एक छोटे पुस्तकच लिहिले. त्याला पूर्ण उत्तर सापडले नाही, कारण त्या वेळी रेणू कोणाला माहीत नव्हते. पाणी गोठते तेव्हा त्याचे रेणू एकमेकांना धरून षटकोनी जाळी तयार करतात. त्या जाळीच्या सहा कोपऱ्यांना हवेतली वाफ आधी चिकटते आणि तिथून फांद्या फुटतात. जपानच्या उकिचिरो नाकाया यांनी १९३६ मध्ये प्रयोगशाळेत पहिला कृत्रिम हिमकण वाढवला, तो सशाच्या एका केसावर. उणे १५ अंश सेल्सिअसच्या आसपास फांद्यांच्या चांदण्या तयार होतात आणि उणे पाचच्या आसपास नुसत्या सुया, हेही त्यांच्या कामातून स्पष्ट झाले. म्हणजे खराखुरा हिमकणसुद्धा एका बारीक धाग्यावर विणला गेला होता.

घरात बसून हाताने काही घडवत राहणे चाळीसगावला नवे नाही. कलामहर्षी केकी मूस (१९१२–१९८९) इंग्लंडमध्ये कलेचे शिक्षण घेऊन इथे परतले आणि रेल्वे स्टेशनजवळच्या आपल्या घरात जवळजवळ पाच दशके राहिले. बाहेर ते क्वचितच पडले. घरातल्या साध्यासुध्या वस्तू टेबलावर मांडून त्यांतून दृश्ये उभी करायची आणि त्यांची छायाचित्रे घ्यायची, ही त्यांची खासियत. कागदाच्या घड्या, लाकूडकाम, शिल्प, चित्रे हे सगळे त्याच घरात चाले. आज तिथे त्यांचे कलादालन आहे. त्यांचा एकांत त्यांनी स्वतः निवडलेला होता. गुडघ्यांमुळे जिना उतरता येत नाही म्हणून घरात अडकलेल्या सत्तरीच्या आजींची गोष्ट वेगळी. त्यांच्यासाठी हातातले काम हाच दिवसाचा आकार असतो: सकाळची पोथी, दुपारचा क्रोशा, संध्याकाळी दिवाबत्ती. मुलीच्या, नातीच्या रुखवतात मांडलेल्या वस्तूंकडे पाहुण्यांनी बोट दाखवून ‘हे कोणी केलं?’ असे विचारले, की आजींना चार दिवस तेवढा आनंद पुरतो.

मग एके दिवशी त्या आजी सुई खाली ठेवतात. अर्धवट तोरण पिशवीत जाते, पिशवी कपाटात. सूनबाई विचारतात, ‘आई, विणत नाही का हल्ली?’ उत्तर येते, ‘नाही गं, कंटाळा आला.’ घरातली मंडळी मान डोलावतात. वय झालं, डोळे थकले, हात थकले. विषय तिथेच संपतो.

वैद्यकाच्या दृष्टीने विषय तिथून सुरू व्हायला हवा. बारीक विणकामाला बोटांची पकड, जवळची नजर, मोजणीची स्मृती आणि मनाची उभारी या चारही गोष्टी एकाच वेळी लागतात. त्यातली एक जरी ढासळली तरी वीण थांबते. रक्तदाबाच्या यंत्रावर किंवा रक्ताच्या साध्या अहवालात जे दिसत नाही, ते कधी कधी त्या पिशवीत आधी दिसते. आणि सुई खाली ठेवण्याची बरीच कारणे उपचाराने बरी होणारी किंवा निदान आटोक्यात राहणारी असतात.

सर्वांत नेहमीचे कारण हातातले. रात्री दोन-तीन वाजता हाताला मुंग्या येऊन जाग येते, हात झटकला की बरे वाटते. दिवसा सुई धरली की दहा मिनिटांत अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होते. करंगळी मात्र ठणठणीत. ही करंगळी निदानाला फार मदत करते. मनगटाच्या तळहाताकडील बाजूला हाडे आणि एक जाड पट्टा यांच्यामध्ये अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटांच्या कंडरांबरोबर एक मुख्य नस जाते. ही नस अंगठ्यापासून अनामिकेच्या अर्ध्या भागापर्यंत संवेदना पुरवते, करंगळीला नाही. बोगद्यात सूज आली की नस दाबली जाते. याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो अधिक आढळतो. मधुमेह, थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावणे, गरोदरपण आणि संधिवात यांच्यासोबत तर तो हमखास भेटतो.

घरी मात्र याचे निदान ‘रक्त खेळत नाही’ किंवा ‘बी-१२ कमी झालं असेल’ असे होते आणि महिनोन्‌महिने शक्तीच्या गोळ्या चालतात. बी-१२ ची कमतरता आपल्याकडे खरोखरच भरपूर आहे, हे खरे. पण तिच्या मुंग्या सहसा पायांपासून सुरू होतात आणि दोन्ही बाजूंना सारख्या असतात. मनगटात दाबलेली नस गोळीने सुटत नाही. तिला रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी लागते, कधी इंजेक्शन, आणि त्यानेही भागले नाही तर भूल देऊन करायची छोटी शस्त्रक्रिया. उशीर केला तर अंगठ्याच्या बुंध्याशी असलेला मांसल उंचवटा झिजू लागतो. दोन्ही तळहात शेजारी शेजारी धरून पाहिले तर घरच्यांनाही तो फरक दिसतो. तो दिसेपर्यंत थांबू नये, कारण गेलेला स्नायू पूर्ववत होईलच असे नाही. निदानासाठी डॉक्टरांनी हात तपासणे बहुधा पुरेसे असते. नसांची विद्युत तपासणी लागलीच तर मोठ्या रुग्णालयात, म्हणजे धुळे किंवा जळगावला जावे लागेल. साखर आणि थायरॉइडची तपासणी मात्र आधीच करून घ्यावी.

अशा वेळी ‘विणकाम बंद करा’ हा सल्ला अगदी सहज दिला जातो, डॉक्टरांकडूनही. तो देणे सोपे असते, इतकेच. जड, झटक्याचे किंवा थरथरणाऱ्या यंत्रांवरचे काम या नसेला त्रास देते, हे चांगले माहीत आहे. हलक्या हाताने केलेल्या क्रोशावर तेवढा ठपका ठेवता येत नाही. त्रास होतो तो तासन्‌तास मनगट वाकवून, सुई घट्ट आवळून बसण्याने. तेव्हा बदलायचे ते बसणे आणि सुई.

दुसरा त्रास बोट अडकण्याचा. सकाळी बोट मिटते, उघडताना खटकन आवाज होतो. मधुमेहींत हे जास्त दिसते आणि उपचार साधा असतो. अंगठ्याच्या मुळाशी आणि बोटांच्या टोकाच्या सांध्यांवर येणाऱ्या गाठी मात्र बहुतेकदा वयाने होणाऱ्या झिजेच्या असतात. हात वापरला तर सांधे आणखी झिजतील, या भीतीने अनेक जणी हात बांधून बसतात. उलट सौम्य हालचालीने सांधा मोकळा राहतो. फक्त सकाळी दोन्ही हातांची बोटे अर्ध्या तासाहून अधिक वेळ आखडलेली राहत असतील आणि मुठीवरचे सांधे सुजत असतील, तर ती झीज नसून आमवात असू शकतो. त्याला पहिल्या काही महिन्यांतच औषध सुरू व्हायला हवे.

डोळ्यांची गोष्ट निराळी. चाळिशीनंतर जवळचा चष्मा लागतो आणि तो दर काही वर्षांनी बदलावा लागतो. पांढरा दोरा पांढऱ्या झाकणावर विणताना टाके एकमेकांत मिसळलेले दिसू लागले तर मोतीबिंदू तपासावा. पण एक फसवी खूण सांगायलाच हवी. पासष्टीच्या बाई एकदम आनंदाने म्हणतात, ‘अगं, मला आता चष्म्याशिवाय दोरा दिसायला लागला!’ घरात पेढे वाटायचेच बाकी राहतात. वास्तविक मोतीबिंदू पिकू लागला की डोळ्याचे भिंग घट्ट होते आणि त्यामुळे काही काळ जवळचे स्पष्ट दिसते. रक्तातली साखर खूप वाढली तरी नजरेचा नंबर असाच सरकतो. नजर अचानक ‘सुधारली’ तर आठवडाभरात साखर आणि डोळे दोन्ही दाखवून यावे.

मनाचे कारण सर्वांत उशिरा ओळखले जाते, कारण ‘कंटाळा’ या शब्दात ते लपून जाते. नवरा गेल्यावर, मुले पुण्या-मुंबईला गेल्यावर काही दिवस हात न चालणे स्वाभाविक आहे. पण ज्यात पूर्वी जीव रमायचा त्यात दोन आठवड्यांहून अधिक काळ मुळीच रस वाटत नाही, झोप आणि भूक बिघडली आहे, ‘आता माझा काय उपयोग’ असे वाक्य पुन्हा पुन्हा येते, हे नैराश्य असू शकते. म्हातारपणी ते रडण्यातून कमी आणि अंगदुखी, अशक्तपणा, बद्धकोष्ठ यांतून जास्त बोलते. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

आणखी एक खूण मोजणीची. खांब चुकणे, टाका उसवून पुन्हा घालणे हे सगळ्यांचेच होते. त्याने घाबरून जाऊ नये. पण चाळीस वर्षे डोळे मिटून विणलेला नमुना आता लावताच येत नाही, किंवा तीच ओळ चार वेळा उसवूनही चूक कुठे आहे ते उमगत नाही, असे होऊ लागले तर स्मृतीची तपासणी करून घ्यावी. त्यातही थायरॉइड, बी-१२ आणि नैराश्य ही बरी होणारी कारणे आधी शोधतात. वीण दिवसेंदिवस लहान आणि घट्ट होत गेली, हात मंदावला, थरथरू लागला, तर कंपवाताचा विचार करावा लागतो.

हातकामाने आरोग्य सुधारते का? ऑस्ट्रेलियातील वोलोंगाँग विद्यापीठाच्या संशोधकांनी क्रोशा करणाऱ्या ८,३९१ जणांना विचारले. ८९.५ टक्क्यांनी शांत वाटते असे सांगितले, ८२ टक्क्यांनी आनंद वाटतो असे सांगितले. आकडे गोड आहेत, पण ज्यांना क्रोशा आवडतो त्यांनाच हा प्रश्न विचारला होता, हे विसरून चालणार नाही. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या २०११ मधील अभ्यासात ७० ते ८९ वयाच्या लोकांपैकी विणकाम-शिवणकामासारखी हस्तकला करणाऱ्यांत सौम्य स्मृतिऱ्हास कमी आढळला. इथेही विणल्यामुळे स्मृती टिकली की स्मृती टिकली म्हणून विणता आले, हे एका अभ्यासातून ठरत नाही. क्रोशा हे औषध आहे असे कोणी सांगू लागले तर ऐकून सोडून द्यावे. ज्याला ते येते आणि आवडते, त्याच्याकडून ते विनाकारण सुटू नये, एवढे म्हणायला मात्र पुरेसा आधार आहे.

हातकामाला उपचारात स्थान देण्याची परंपरा महाराष्ट्रात आहे. मूळच्या अमेरिकन आणि लग्नानंतर भारतीय झालेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू केले. या शास्त्राचा पायाच असा आहे, की रुग्णाला अर्थपूर्ण वाटेल असे काम द्यायचे आणि ते त्याच्या ताकदीला साजेल असे बदलायचे. पक्षाघाताने एक हात लुळा पडला तर तो हात रुमाल दाबून धरण्याचे काम करील आणि दुसरा सुई चालवील. पकड गेली असेल तर सुईची मूठ जाड करायची.

हे घरी करण्यासारखे आहे. बारीक सुईच्या दांड्यावर जुन्या कापडाची पट्टी किंवा फोमची नळी गुंडाळली की बोटांना आवळावे लागत नाही. त्याहून चांगले म्हणजे जाड सुई आणि जाड दोरा घ्यावा. हिमकण थोडा मोठा होईल, पण दिसेलही नीट. पाठीला आणि कोपरांना आधार देणारी खुर्ची, मांडीवर उशी, उजेड खिडकीतून सुईच्या हाताविरुद्ध खांद्यावरून. वीस-पंचवीस मिनिटांनी उठायचे, मुठी उघडमीट करायच्या, अंगणातल्या लांबच्या झाडाकडे बघायचे. पांढऱ्याऐवजी गडद दोरा घेतला तर डोळ्यांचे कष्ट वाचतात. निळा हिमकण कोणाला चालत नसेल तर मांडीवर काळा कपडा पसरावा, त्यावर पांढरे टाके उठून दिसतात.

विणून झालेली चांदणी साबुदाण्याच्या पातळ खळीत बुडवून, पाटावर सहा टाचण्यांनी ताणून सावलीत वाळवायची. साखरेच्या पाकानेही ती कडक होते, पण मग तिच्याकडे पहिली गिऱ्हाइके मुंग्यांची येतात. टाचण्या टोचायचे काम नातवंडांना द्यावे आणि संपल्यावर मोजून घ्याव्यात.